नोंद मजुराची नव्हे, मालकाची!

(भामरागड येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



परदेश कशाला म्हणावे, या प्रश्नाचे दिल्लीतले उत्तर वेगळे आणि भामरागडातले वेगळे. दिल्लीच्या लेखी परदेश म्हणजे पारपत्रावर शिक्का घेऊन जायचा मुलूख. भामरागड तालुक्यातील माडिया माणसाने इंद्रावती ओलांडली की राज्य बदलते. आणि दक्षिणेकडे जाऊन तेलंगणात पाऊल टाकले की भाषा, लिपी, पोलीस, कचेरी, दवाखाना असे सारेच बदलते. तिथे त्याची माडिया कोणाला कळत नाही, मोडकीतोडकी मराठी उपयोगी पडत नाही आणि तेलुगू त्याला वाचता येत नाही. कायद्याने तो स्वदेशात असतो. व्यवहाराने मात्र तो परदेशातला उपरा असतो.

हे जितके बाहेर जाणाऱ्या मजुराला लागू आहे, तितकेच इथे येणाऱ्या कंपनीलाही लागू आहे. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावरचे हे गाव दर पावसाळ्यात पुराने जगापासून तुटते. त्यामुळे इथे पूल हवेत, रस्ते हवेत, याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ते बांधायला येणारी कंपनी या मुलखाला परकी असते. तिला इथली भाषा येत नाही, काम संपल्यावर इथे राहायचे नसते आणि उद्या कोणी जाब विचारायला निघाले, तर तिचा पत्ता कोणाला ठाऊक नसतो. परमुलखात येऊन बांधकाम करणाऱ्या कंपनीने त्या मुलखातील लोकांना आपली ओळख सक्तीने द्यावी की नाही, हा आजचा प्रश्न आहे. वरवर तो कारकुनी वाटेल. वस्तुतः तो श्रमाच्या मोबदल्याचा, म्हणजे समाजवादाच्या गाभ्याचाच प्रश्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शासन कंत्राटदारांची नोंदणी करीत नाही असे नव्हे. सार्वजनिक बांधकाम खात्यात कंत्राटदारांची नोंदणी होते. त्यांच्या आर्थिक ऐपतीप्रमाणे वर्ग पाडले जातात. निविदेबरोबर बयाणा रक्कम घेतली जाते. काम मिळाल्यावर सुरक्षा अनामत ठेवून घेतली जाते. आणि रस्ता पुरा झाल्यावरही ठराविक मुदतीपर्यंत तो उखडला तर दुरुस्तीची जबाबदारी कंत्राटदारावर असते. डांबर खराब निघाले तर त्याची भरपाई वसूल करण्यासाठी शासनाच्या हाती पैसा असतो. पण मजुराची तीन आठवड्यांची मजुरी बुडाली तर त्यासाठी राखून ठेवलेला पैसा कुठे आहे? डांबराच्या दोषासाठी बांधकाम खात्याची अनामत आहे, खास मजुरीच्या दोषासाठी तशी नाही. आपल्या सार्वजनिक बांधकामाचे सारे अर्थशास्त्र या एका फरकात सामावले आहे.

हा फरक का पडतो, हे समजून घेण्यासाठी निविदेचे गणित पाहावे. काम सर्वांत कमी दराच्या निविदेला मिळते. डिझेलचा भाव कंत्राटदाराच्या हाती नाही. सिमेंट, लोखंड, डांबर यांचे भाव बाजार ठरवतो. यंत्राचे भाडे आणि बँकेचे व्याज टळत नाही. मग दर खाली आणायचा कुठून? पिळता येईल असा एकच घटक उरतो, तो म्हणजे माणूस. त्यातही मुख्य कंत्राटदार स्वतः काम करतोच असे नाही. तो आपला वाटा काढून काम उपकंत्राटदाराला देतो, उपकंत्राटदार आणखी खालच्याला देतो आणि शेवटी एखादा मुकादम उचल वाटून टोळी आणतो. प्रत्येक पायरीवर नफा वरच्याकडे राहतो आणि जबाबदारी खाली घसरते. मजुरी थकली की मजूर मुकादमाची गचांडी धरतो. तो मुकादम पुष्कळदा त्याच्याच गावचा, त्याच्याच गोताचा आणि स्वतःही कर्जात अडकलेला असतो. भांडण गावात होते. ज्याच्यामुळे ते होते त्याचे नाव मात्र गावाला माहीतही नसते.

दुसरी वाहतूक उलट दिशेची आहे. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतून दरवर्षी हिवाळा सरता सरता मजुरांच्या टोळ्या मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. मोहफुलाच्या वा तेंदूपत्त्याच्या हंगामापर्यंत परततात. मिरची तोडणे म्हणजे बांधकाम नव्हे, हे खरे. पण माणूस नेणारी साखळी तीच आहे. मुकादम, उचल, टेम्पो आणि तोंडी बोली! नेणारा कोण, ठेवणारा कोण, दर किती, आजारी पडल्यास आणून कोण सोडणार, यातले काहीही कागदावर नसते.

याविरुद्ध कायदा नव्हता असे म्हणता येणार नाही. ओरिसात ठेकेदार आगाऊ रक्कम देऊन मजूर परप्रांतात नेत. त्या मजुरांना 'दादन' मजूर म्हणत. त्यांच्यासाठी त्या राज्याने १९७५ साली कायदा केला. त्याच अनुभवातून पुढे १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा आला. तो कायदा कागदावर तरी फार नेटका होता. पाच किंवा अधिक परप्रांतीय मजूर असतील तिथे तो लागू होई. ठेकेदाराला जिथून मजूर न्यायचे आणि जिथे न्यायचे, अशा दोन्ही ठिकाणचे परवाने घ्यावे लागत. मजुराला छायाचित्रासह पासबुक द्यावे लागे आणि मजुराची भाषा हिंदी वा इंग्रजी नसेल, तर ते त्याच्या भाषेतही असावे असे बंधन होते. शिवाय मासिक मजुरीच्या निम्मा वा पंचाहत्तर रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा विस्थापन भत्ता आणि जाण्यायेण्याचा खर्च द्यावा लागे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने, म्हणजे ज्याचे काम चालले आहे त्याने भरावी, असेही कलम होते. माडिया भाषेतील पासबुक या तालुक्यातील किती माणसांनी पाहिले असेल, हे विचारण्याची गरज नाही.

त्या कायद्याची पहिली मोठी परीक्षा देशाच्या राजधानीतच झाली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत क्रीडांगणे आणि उड्डाणपूल उभे राहत होते. परप्रांतांतून हजारो मजूर आणले गेले. किमान मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये होती. तीतून जमादार रोज एक रुपया दलाली कापून घेत आणि मजुराच्या हाती सव्वाआठ रुपये पडत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने पाठवलेल्या पत्रालाच अर्ज मानून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९८२ मध्ये निकाल दिला. किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगार होय. आणि काम ठेकेदाराकडून करून घेतले म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही, असे न्यायमूर्ती भगवती यांनी स्पष्ट केले. तो एक रुपया कापला जात होता राष्ट्राच्या प्रतिष्ठेच्या कामावर, संसदेपासून हाकेच्या अंतरावर. मग जिल्ह्याच्या ठिकाणापासून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर, अरण्यात चाललेल्या कामावर किती कापले जात असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आता तो १९७९ चा कायदा स्वतंत्रपणे उरलेला नाही. २०२० साली संसदेने संमत केलेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांमध्ये तो विलीन झाला. नव्या संहितेत एक गोष्ट चांगली आहे: ठेकेदारामार्फत न जाता स्वतःहून परराज्यात कामाला गेलेला मजूरही तिने स्थलांतरित मानला. परंतु त्याचबरोबर पाच मजुरांची मर्यादा दहावर नेली, विस्थापन भत्ता वगळला आणि कंत्राटी मजुरांविषयीच्या तरतुदींची मर्यादा वीसवरून पन्नासवर नेली. साखळीच्या शेवटच्या टोकाला असलेला उपकंत्राटदार पन्नास माणसे कशाला दाखवील? तो पंचवीस-पंचवीसच्या दोन टोळ्या दाखवील. ज्या मुलखात काम लहान लहान तुकड्यांत वाटले जाते, तिथे मर्यादा वाढवणे म्हणजे कायद्याच्या भिंतीला दरवाजा ठेवणे होय.

नोंद नसल्याची किंमत काय असते, ते २०२० च्या टाळेबंदीने साऱ्या देशाला दाखवले. एप्रिल महिन्यात भामरागडच्या शेजारच्या बस्तर भागातील एक बारा वर्षांची आदिवासी मुलगी तेलंगणातील मिरचीच्या शेतावरून इतरांबरोबर घराकडे पायी निघाली. शंभरावर किलोमीटर रानवाट तुडवल्यानंतर घर जवळ आले असता तिने प्राण सोडला. तिला कोणी नेले, कोणत्या मालकाकडे ठेवले, बारा वर्षांच्या मुलीला कामाला लावणारा कोण, याची कुठे नोंद असती तर जबाबदारी ठरवता आली असती. त्याच वर्षी सप्टेंबरात, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले असा प्रश्न लोकसभेत विचारला गेला, तेव्हा अशी आकडेवारी ठेवली जात नाही, असे उत्तर सरकारने दिले. हे उत्तर निर्दय होते. पण खोटे नव्हते. जो जिवंतपणी वहीत नव्हता, तो मेल्यावर वहीत कसा येणार?

यापुढची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. हाच मजूर भामरागडहून तेलंगणात न जाता आखातात गेला असता, तर शासनाने त्याच्याबाबत वेगळा विचार केला असता. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने परदेशी मजूर पाठवणाऱ्या दलालाची नोंदणी सक्तीची केली आणि त्याच्याकडून हमीची रक्कम घेण्याची तरतूद केली. ज्यांना जाण्यासाठी शासनाची मंजुरी लागते, अशा मजुरांसाठी २००३ पासून विमा सक्तीचा झाला. त्याचे संरक्षण पुढे दहा लाख रुपयांपर्यंत वाढले. त्यानंतर परदेशातल्या मालकालाही संगणकीय व्यवस्थेत नाव नोंदवण्यास सांगितले गेले. या व्यवस्थेत फसवणूक होत नाही असे कोणी म्हणणार नाही. पण निदान तत्त्व मान्य आहे: माणूस परमुलखात नेणाऱ्याने आधी स्वतःची ओळख आणि हमी द्यावी. तेच तत्त्व गोदावरीच्या काठी येऊन का थांबते? आखातातून मजूर परकीय चलन पाठवतो; तेलंगणातून तो फक्त मिरचीची पोती आणि खोकला घेऊन येतो. शासनाची काळजी चलनाच्या मागे धावते, माणसाच्या मागे नाही, असा याचा अर्थ घ्यायचा काय?

भांडवलशाही युरोपनेही हा प्रश्न टाळलेला नाही. सीमा खुल्या झाल्यावर स्वस्त मजुरीच्या देशांतील बांधकाम कंपन्या आपले मजूर घेऊन महाग मजुरीच्या देशांत जाऊ लागल्या. तेव्हा युरोपीय संघाने १९९६ साली नियम केला, की ज्या देशात काम चालू आहे त्या देशाचे किमान वेतन आणि कामाचे मूलभूत नियम त्या मजुरांना मिळाले पाहिजेत. जर्मनीत परदेशी बांधकाम कंपनीला काम सुरू करण्यापूर्वी शासनाकडे नोंद द्यावी लागते. मजुरांच्या पगारी रजेसाठी त्या व्यवसायाचा जो सामाईक निधी आहे, त्यातही भर घालावी लागते. आणि उपकंत्राटदाराने किमान वेतन बुडवले तर वरच्या कंत्राटदाराला ते भरावे लागते. स्वित्झर्लंडमध्ये परदेशी कंपनीने कामाआधी आठ दिवस सूचना द्यावी लागते आणि बांधकामाच्या काही शाखांत आगाऊ अनामतही ठेवावी लागते. हे देश समाजवादी नाहीत. तिथल्या कामगार संघटनांना मात्र एक गोष्ट कळली होती: कंपनीला नाव आणि पत्ता नसेल, तर कामगाराच्या हक्काला दाद मागण्यासाठी दारच उरत नाही.

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की नोंदणी म्हणजे परवाना-राज आणि परवाना-राज म्हणजे लाच. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. टेबलाखालच्या व्यवहारांचा अनुभव गरिबांइतका कोणालाच नाही. पण त्यावरचा उपाय नोंद रद्द करणे हा नसून ती उघडी करणे हा आहे. जी वही फक्त निरीक्षकाच्या कपाटात राहते, ती लाच जन्माला घालते. जी कामाच्या जागी फलकावर लागते आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचली जाते, तिच्यावर लाच घेता येत नाही. महाराष्ट्राला याचा धडा परका नाही. १९७७ च्या कायद्याचा आधार लाभलेल्या रोजगार हमी योजनेत मजुराचे नाव हजेरीपटावर असे, आणि म्हणूनच त्या हजेरीपटावर मोर्चे काढता आले.

दुसरा आक्षेप असा, की नोंदणीने काम महाग होईल आणि मागास भागाचा विकास रेंगाळेल. मजुरी बुडवून स्वस्त झालेला रस्ता खरोखर स्वस्त नसतो. त्याचा उरलेला खर्च मजुराच्या घराने उपासमारीच्या रूपाने भरलेला असतो. शिवाय सर्वांनाच नियम लागू झाला, तर प्रामाणिक कंत्राटदाराचे नुकसान होत नाही. आज निविदेत हरतो तो नेमका पुरी मजुरी देणारा.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो खुद्द मजुराच्या मनातला आहे. या मुलखात यादीत नाव येणे ही सुखाची गोष्ट कधीच नव्हती. जंगल खात्याच्या गुन्ह्यांच्या वहीत आदिवासीचे नाव असे. पोलिसांच्या यादीत असे. माओवाद्यांच्याही यादीत असे. १ मे २०१९ रोजी, कामगार दिनीच, कुरखेडा तालुक्यात रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली गेली आणि त्याच दिवशी स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक प्राणाला मुकले. अशा वातावरणात कोणता मजूर आपणहून नाव सांगेल? म्हणूनच मागणी नीट मांडली पाहिजे. आजवर राज्याने मजुराची नोंद केली आणि मालकाला मोकळे सोडले. २०२१ पासून असंघटित कामगारांची देशव्यापी संगणकीय नोंद झाली. तीस कोटींहून अधिक नावे तीत आली. पण ती नावे मजुरांची आहेत. त्यांना कामावर नेणाऱ्याला त्या नोंदीने बांधले नाही. नोंद हवी ती कंपनीची, उपकंत्राटदाराची, मुकादमामागे उभ्या असलेल्या पैशाची.

ही तातडी आजच का? कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या एका ज्येष्ठ नेत्याने सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीचा आवाज कमी होईल तसा यंत्रांचा वाढेल. भीतीपोटी दूर राहिलेले भांडवल आता येईल आणि रस्ते, पूल, खाणी यांच्या निविदा निघतील. शांततेचा पहिला लाभ कोणाला होतो, यावरून ती शांतता टिकेल की नाही हे ठरेल. मजुरी बुडवलेल्या तरुणाला शांततेवर व्याख्यान देऊन भागणार नाही.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट त्यांच्या हाती आजही आहे. भामरागड अनुसूचित क्षेत्रात मोडते आणि १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे गौण खनिजाच्या खाणपट्ट्यासाठी ग्रामसभेची वा पंचायतीची पूर्वशिफारस लागते. रस्त्याला मुरूम लागतो, गिट्टी लागते. शिफारस मागायला जो येईल त्याला ग्रामसभेने विचारावे: मुख्य कंत्राटदार कोण, उपकंत्राटदार कोण, नोंदणी क्रमांक काय, रोजचा दर किती, मजुरी कोणत्या वारी? ही उत्तरे मराठीत आणि माडियात फलकावर लागेपर्यंत शिफारशीची घाई करण्याचे कारण नाही.

दुसरी मागणी शासनाकडे. कंत्राटदाराच्या प्रत्येक देयकातून मजुरीसाठी अनामत राखून ठेवावी आणि हजेरीपट ग्रामसभेत वाचून, तक्रार नाही अशी खात्री झाल्यावरच अखेरचे देयक द्यावे. यात नवे काही नाही. सार्वजनिक कामांतील मजुरीविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४९ साली केलेल्या चौऱ्याण्णवाव्या करारात, कंत्राटाची देणी रोखून मजुरांना मजुरी मिळवून देण्याची तरतूद आहे. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही. ती द्यावी, असा आग्रह पक्षाने धरला पाहिजे.

तिसरी बाब उपकराची. १९९६ च्या कायद्यापासून बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर मजुरांच्या कल्याणासाठी घेतला जातो. शासकीय कामांत तो देयकातूनच कापला जातो. म्हणजे मजुराच्या नावाने पैसा जमा होतो, पण त्याला लाभ मिळायचा तर वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. मालकाची नोंद नसली तर दाखला देणार कोण? या निधीतील मोठ्या रकमा मजुरांपर्यंत पोहोचल्याच नाहीत, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये सरकारांना कठोर शब्दांत जाब विचारला होता. ज्या कामावर उपकर कापला गेला, त्या कामावरील प्रत्येक मजुराला दाखला देणे कंत्राटदारावर बंधनकारक असावे.

चौथी गोष्ट बाहेर जाणाऱ्यांची. गावातून टोळी नेणाऱ्या मुकादमाने आपले नाव, ज्याच्यासाठी नेतो त्याचे नाव, ठिकाण, दर आणि दिलेली उचल गावाच्या वहीत लिहावी. ती वही पोलीस ठाण्यात नव्हे, ग्रामसभेत राहावी. महाराष्ट्र, छत्तीसगड आणि तेलंगण या तिन्ही राज्यांच्या श्रमखात्यांनी अशा नोंदींची देवाणघेवाण करावी. सीमेवरच्या नद्यांच्या पाण्याची वाटणी करण्यासाठी राज्ये एका टेबलाशी बसतात. सीमा ओलांडणाऱ्या माणसांसाठी का बसू नयेत?

पुढच्या पावसाळ्यानंतर या तालुक्यात नवी यंत्रे येतील. त्यांच्यावर कंपनीचे नाव ठळक अक्षरांत असेल, कारण ती जाहिरात असते. तेच नाव मजुराच्या हजेरीपटावर, जबाबदार मालक म्हणून, तितक्याच ठळक अक्षरांत आले पाहिजे. एवढे जरी या शिबिरातून परतणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावात घडवून आणले, तरी घटनेचे तेविसावे कलम दिल्लीहून भामरागडपर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.